शेणाची तक्रार करण्याआधी शेणाची किंमत करूया



बंदीचे दिवस आहेत. बोटी वर काढल्यात, जाळी सांधायचं काम चालू आहे. म्हणून आज जरा लांब लिहितो. सवड मिळेल तसं वाचा, पण सर्वसाधारण सभेला येण्याआधी नक्की वाचा.

विषय सगळ्यांना ठाऊक आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे व्हाळाच्या तोंडाशी मासे वर आले. शेवटे, काळुंद्र, बारीक सुंगटं. आधी पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते, उजाडेपर्यंत उलटे पडले. पाणी तपकिरी, वर फेस, आणि वास गोठ्याचा. बंदीत बोटवाले घरी असतात, तेव्हा खाडी हाच अनेक घरांचा आधार. पाग मारून रोजची आमटी आणि चार पैसे सुटतात. त्या आठवड्यात कुणी पाग मारलाच नाही.

त्यानंतर वरच्या वाड्यावरच्या गोठ्यांविरुद्ध तक्रार अर्ज तयार झाला. चाळीसच्या वर सह्या झाल्या. अर्ज माझ्याकडे आला आणि मी सही केली नाही. तेव्हापासून आपल्या ग्रुपवर "सचिव गोठेवाल्यांना मिळाला" असं लिहून येतंय. एका ज्येष्ठ सभासदाने तर मला धक्क्यावरच विचारलं, "तू आमचो की त्यांचो?" आबा, मी तुमचाच. म्हणूनच सही केली नाही. का, ते सांगतो.

पहिलं कारण साधं आहे. अर्जासोबत पाण्याचा नमुना नाही. मासे मेले त्या सकाळी आपण फोटो काढले, व्हिडिओ टाकले, पण एक स्वच्छ बाटली भरून बर्फात ठेवावी हे कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. अशा अर्जावर कार्यालयातून एक माणूस येईल, चार दिवसांनी वाहतं पाणी बघेल आणि "दूषित आढळले नाही" असं लिहून जाईल. मग पुढची पाच वर्षं तोच कागद आपल्या तोंडावर फेकला जाईल.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. समजा तक्रार चालली, नोटीस गेली. गोठेवाला काय करणार? दिवसा सोडायचा ते रात्री सोडणार. त्याच्याकडे शेण ठेवायला जागाच नसेल तर नोटिशीने जागा तयार होत नाही. त्या शेणाला जायला दुसरी वाट मिळत नाही तोवर ते उताराला, म्हणजे आपल्या खाडीतच येणार.

आता मुद्द्याचं बोलतो. शेणाने मासा का मरतो?

शेण काही विष नाही. गोड्या पाण्याच्या तळ्यात रोहू-कटला पाळणारे लोक मुद्दाम शेण टाकतात. वर्षाला हेक्टरी 10 ते 15 टन, थोडं थोडं करून. त्याने पाण्यात बारीक शेवाळ आणि जीव तयार होतात, मासा ते खातो. म्हणजे मापात पडलं तर शेण माशाचं खाद्य तयार करतं. पण महिनोन् महिने साठलेला ढीग एका रात्रीत धुऊन आला, की मामला उलटा होतो. शेण कुजवायला जंतूंना ऑक्सिजन लागतो, तो ते पाण्यातूनच घेतात. गोठ्यातलं घट्ट शेणपाणी घरगुती सांडपाण्याच्या पन्नास पटींच्या घरात ऑक्सिजन खाऊ शकतं. त्यात गोमूत्राचा अमोनिया, जो माशाचे कल्ले जाळतो. पहाटे पाण्यात ऑक्सिजन तसाही सगळ्यात कमी असतो, म्हणून मासे पहाटे वर येतात. जुन्या माणसांना हे बघून माहीत आहे, त्यामागचं कारण हे.

दुसरा मार सावकाश बसतो. शेणातलं नत्र आणि स्फुरद, म्हणजे युरिया आणि डीएपीमध्ये जे असतं तेच, पाण्यात उतरतं. शेवाळ माजतं, मरतं, तळाला जाऊन कुजतं आणि तळाचा ऑक्सिजन खातं. मासा पोहून पळू शकतो. तिसऱ्या, कालवं, शिनाणे कुठे पळणार? शिवाय हे जीव पाणी गाळून जगतात, त्यामुळे शेणातले जंतू त्यांच्यात साठतात. पाऊस ओसरल्यावर ज्या आमच्या वहिनी, काकी कंबरभर पाण्यात उभं राहून तिसऱ्या काढतात, त्यांच्या टोपलीवर उद्या गिऱ्हाईक संशय घेऊ लागलं तर?

आता हीच गोष्ट वरच्या वाड्यावरून बघा. एक जनावर दिवसाला साधारण 10 ते 15 किलो शेण टाकतं. शंभर जनावरं धरली तर रोज एक टनाच्या वर, वर्षाला चारशे टनांच्या वर. एक टन ओल्या शेणात साधारण 3 ते 5 किलो नत्र असतं. म्हणजे शंभर जनावरांच्या नुसत्या शेणात वर्षाला तेराशे ते दोन हजार किलो नत्र. युरियाच्या 45 किलोच्या बॅगेत वीस-एकवीस किलो नत्र येतं. हिशेब करा, साठ ते शंभर बॅगा युरिया. गोमूत्र वेगळंच, आणि स्फुरद वेगळं. स्फुरदासाठी तर आपला देश जवळजवळ पूर्णपणे बाहेरच्यांवर अवलंबून आहे, खडक किंवा आम्ल जहाजाने येतं. ते विकत आणून चाऱ्याला घालायचं, आणि गायीच्या पोटातून आलेलं खाडीत सोडायचं, असा हा व्यवहार.

मग गोठेवाला हा पैसा वाहून का जाऊ देतो? तो वेडा नाही. सरकारी अनुदानामुळे युरियाची बॅग 266 रुपये 50 पैशांना मिळते. शेण ओलं आणि जड, त्यात ऐंशी टक्के पाणी. ते टेम्पोत भरून बागायतीपर्यंत न्यायचं भाडं खताच्या किमतीपेक्षा जास्त पडतं. मजूर मिळत नाही. पूर्वी प्रत्येक घरी दोन गुरं आणि स्वतःची शेती होती, शेण शेतात जायचं. आता गुरं एका जागी पंचवीस-तीस, आणि शेती पडीक. गुरं आणि शेत यांची फारकत झाली, तिथून हा प्रश्न सुरू झाला.

हा प्रश्न फक्त आपला नाही. डेन्मार्कची गोष्ट सांगतो, कारण तिची सुरुवात आपल्यासारख्याच लोकांपासून झाली. ऑक्टोबर 1986 मध्ये तिथल्या कॅटेगाट समुद्रात मच्छीमारांच्या जाळ्यात मेलेल्या शेवंडी आल्या. तळाचा ऑक्सिजन संपला होता. ती दृश्यं टीव्हीवर दिसली आणि देश हलला. पुढच्याच वर्षी, 1987 मध्ये, तिथल्या संसदेने योजना मंजूर केली, की पाण्यात जाणारं नत्र निम्म्याने आणि स्फुरद ऐंशी टक्क्यांनी कमी करायचं. तिथे शेणाचा मोठा भाग डुकरं आणि गायींचा. नियम काय केले? शेणपाणी साठवायला मोठ्या टाक्या, नऊ महिन्यांपर्यंत पुरतील एवढ्या. थंडीत पीक उभं नसताना शेतात शेण टाकायला बंदी. जितकी जमीन, तितकीच जनावरं. आणि प्रत्येक शेतकऱ्याने खताचा हिशेब लिहायचा. पाच वर्षांत नत्राचं उद्दिष्ट काही गाठता आलं नाही. दुसरी योजना करावी लागली आणि 2003 पर्यंत वेळ गेला, तेव्हा कुठे शेतातून झिरपणारं नत्र निम्म्यावर आलं.

आज त्या देशात गॅसच्या पाइपलाइनमधला सुमारे चाळीस टक्के गॅस शेणापासून आणि इतर सेंद्रिय कचऱ्यापासून बनतो. तरीही काम संपलेलं नाही. 2024 साली तिथल्या वेइले खाडीची लोकांनी प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली, कारण खाडीत जीव उरला नव्हता. माणसं साठ लाख आणि डुकरं त्याच्या जवळपास दुप्पट, एवढा पसारा झाल्यावर टाक्या आणि गॅस पुरे पडत नाहीत. आपल्याकडे अजून पसारा छोटा आहे. आत्ता हात घातला तर आवरेल.

आता इथे एक गैरसमज आहे, तो दूर करायला हवा. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "सगळ्यांना गोबरगॅस द्या, प्रश्न मिटला." गोबरगॅस मलाही हवा आहे. रोज 50 किलो शेण म्हणजे दोन घनमीटरचा प्लांट, एका घराचा स्वयंपाक होतो. पण गॅस होतो तो शेणातल्या कर्बाचा. नत्र आणि स्फुरद कुठेही जात नाही, सगळं मागे उरलेल्या स्लरीत राहतं. उलट पाणी मिसळल्यामुळे स्लरी आकाराने वाढते आणि तिच्यातलं नत्र अमोनियाच्या रूपात मोकळं होतं, म्हणजे पिकाला लगेच लागू आणि व्हाळाला लगेच घातक. चूल पेटली म्हणून खाडी वाचली असं होत नाही. स्लरीचं पुढे काय करणार, याचं उत्तर ज्या योजनेत नाही ती योजना आपल्या कामाची नाही.

मग काय करता येतं? जगभर यावर बरंच काम झालंय. सोपं सांगतो.

एक, घट्ट आणि पातळ वेगळं करणं. स्क्रू लावलेल्या यंत्रातून किंवा अगदी जाळीवरून वाळूच्या थरावर स्लरी गाळली, की चोथा वेगळा होतो. तो कुजवून, गांडुळांना घालून पोत्यात भरता येतो. ओलं शेण दहा किलोमीटर नेणं परवडत नाही, कोरडं खत परवडतं. सगळा खेळ पाणी काढण्याचा आहे.

दोन, पातळ भाग. यात लगेच लागू होणारं नत्र आणि पोटॅश जास्त. माड, पोफळी, हिरवा चारा यांना तो उन्हाळ्यात मापाने देता येतो. मोठ्या प्रकल्पांत हवा मारून त्यातला अमोनिया उडवतात आणि आम्लात पकडून अमोनियम सल्फेट खत करतात. ते आपल्या वाड्यावरचं काम नाही, पण होतं एवढं माहीत असावं.

तीन, स्फुरद. स्लरीच्या पाण्यात मॅग्नेशियम घातलं आणि पाणी थोडं अल्कधर्मी केलं, की पांढरे खडे तळाला बसतात. त्याला स्ट्रुव्हाईट म्हणतात. त्यात नत्र आणि स्फुरद दोन्ही, आणि ते हळूहळू विरघळतं, पावसात पटकन वाहून जात नाही. मॅग्नेशियम विकत घ्यायचं तर महाग. पण मिठागरात मीठ काढून झाल्यावर जे कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम भरपूर असतं, आणि ते वापरून स्ट्रुव्हाईट करण्याचे प्रयोग झालेले आहेत. आगरवाड्याची मिठागरं आपल्या शापोऱ्याच्या काठावर आहेत. गायीच्या शेणात चुन्याचा अंश जास्त असल्याने हे काम जरा अवघड जातं, म्हणून उद्या सुरू करा असं मी म्हणत नाही. पण कृषी शिकणाऱ्या आपल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने हा विषय प्रकल्पाला घेतला तर मला आनंद होईल.

आणि चार, सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी खर्चाचं म्हणजे छप्पर. डेन्मार्कला जी थंडी, तो आपल्याला पाऊस. जून ते सप्टेंबर शेतात शेण टाकून उपयोग नाही, सगळं धुऊन जातं. म्हणजे चार महिन्यांचं शेण कोरडं ठेवता आलं पाहिजे. खाली पक्का कोबा, तीन बाजूंना गुडघाभर बांध, वर पत्रे. गोठ्याच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हळीने बाहेर काढायचं, शेणात मिसळू द्यायचं नाही. खड्डा व्हाळापासून लांब. एवढं जरी झालं तरी पहिल्या पावसाचा लोंढा बराच अडेल. आधी हे, मग गॅस, मग यंत्र.

पैसे कुठून, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. केंद्राची गोबरधन योजना 2018 पासून आहे. त्याखाली बनलेल्या सेंद्रिय खताच्या विक्रीला टनामागे 1500 रुपये साहाय्य 2023 मध्ये मंजूर झालं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने गोठे आणि गोशाळांसाठी 2020 साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, म्हणजे शेण नाल्यात सोडू नये हा आपला हट्ट नाही, सरकारचंच म्हणणं आहे. ग्वाल्हेरला लाल टिपारा गोशाळेत रोज 100 टन शेण घेणारा गॅस प्रकल्प 2024 मध्ये सुरू झाला. पण तो शहराचा, तेल कंपनीच्या पैशांचा.

आपल्यासारख्यांनी बघायला हवं ते गुजरातेत आणंद जिल्ह्यातलं झकरियापुरा गाव. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाच्या मदतीने तिथे घराघरांमागे छोटे गोबरगॅस बसले. मग बायकांनी खताची सहकारी मंडळी काढली. ज्यांच्या शेताला पुरून स्लरी उरते त्यांच्याकडून ती मोजून, दर्जा तपासून विकत घेतात, लिटरला साधारण पाऊण रुपयापासून दोन रुपयांपर्यंत. दुधासारखंच. दुधाचा डबा जसा संस्थेत जातो तसा शेणाचा. ज्याला भाव आहे ते कुणी ओहोळात सोडत नाही.

सहकार आपल्याला नवीन आहे का? एकट्याच्या मासळीला दलाल सांगेल तो भाव होता, म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी ही संस्था काढली. बर्फ, डिझेल, जाळी, सगळं एकत्र घेतलं म्हणून परवडलं. गोठेवाल्याच्या शेणाची गत आज तीच आहे जी तेव्हा आपल्या मासळीची होती.

म्हणून सभेत मी पुढचा ठराव मांडणार आहे. तक्रार अर्ज तूर्त बाजूला ठेवावा, फाडू नये. संस्थेतर्फे गोठेवाले, दूध संस्था, बागायतदार आणि पंचायत यांची एकत्र बैठक बोलवावी. कुणाकडे किती गुरं, किती शेण, कुठे जातं, याची यादी करावी. पुढच्या मे अखेरपर्यंत प्रत्येक गोठ्याला छपराचा खड्डा, ही आपली पहिली आणि किमान मागणी. पशुसंवर्धन आणि कृषी खात्याच्या योजनांचे अर्ज भरून द्यायला संस्थेचं ऑफिस आणि मी स्वतः बसेन, कारण कागद भरण्याची सवय मला आहे, त्यांना नाही. आपल्यातल्या ज्यांचे माड आहेत त्यांनी पहिल्या वर्षी खताची पोती विकत घेण्याचा शब्द द्यावा. आणि खाडीच्या पाण्याचा नमुना आपणच महिन्याला एकदा घेऊन तपासायला द्यावा, पावसाच्या पहिल्या दिवशी तर नक्कीच.

एक गोष्ट आपल्यालाही कबूल करावी लागेल. खाडीत फक्त शेण येत नाही. हॉटेलांचं आणि घरांचं सांडपाणी येतं. आपल्या इंजिनाचं काळं तेल येतं. धक्क्यावर मासे साफ करून टाकलेली घाणही तशीच कुजते आणि तसाच ऑक्सिजन खाते. बैठकीत गोठेवाल्याने बोट दाखवलं तर मान खाली घालावी लागू नये म्हणून धक्क्यावर तेलाचा पिंप आणि घाणीचा ड्रम आपण आधी ठेवू. माशाच्या घाणीचं खत शेणाच्या चोथ्यात मिसळून उत्तम होतं, तेही वाया जाणार नाही.

काहीजण म्हणतील, सचिव फार मऊ बोलतो. ठीक आहे. पण तुमच्यातल्या किती बोटींवरचे खलाशी त्या वाड्यावरचे आहेत, मोजा. पहाटे धक्क्यावर चहात पडणारं दूध कुठून येतं, आठवा. उद्या कोर्टात उभे राहिलो तरी परवा लग्नाला एकमेकांच्या दारी जायचं आहेच. ही माणसं शत्रू नाहीत, त्यांची अडचण आणि आपली अडचण एकाच व्हाळाने जोडलेली आहे.

मात्र माझीही एक अट आहे, ती बैठकीत त्यांनाही सांगणार. मदत दिली, योजना दाखवली, गिऱ्हाईक दाखवलं, आणि तरीही पुढच्या जूनला उघड्यावरचा ढीग व्हाळात आला, तर तोच अर्ज पाण्याच्या नमुन्यासकट जाईल. त्यावर पहिली सही माझी असेल.

सभेची तारीख आणि वेळ नोटीस बोर्डावर लावली आहे. बोटवाल्यांबरोबर घरच्या बायकांनीही यावं. तिसऱ्या त्याच काढतात, खाडीचं पाणी त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

तुमच्या वाड्यावर, व्हाळाकाठी कुठे उघडा ढीग असेल तर मला फोटो आणि जागा खाजगीत पाठवा. ग्रुपवर नावं घेऊन भांडण नको. यादी करायची आहे, वचपा काढायचा नाही.

आपला,
सचिव
(संस्थेच्या कार्यालयातून)